गोल्डफिशची शेपटी पुन्हा पुन्हा झडतेय? औषधाआधी रविवारची सफाई तपासा

ज्यांच्याकडे गोल्डफिशची शेपटी कडेने पांढरी पडते, मग चिंधीसारखी फाटते, निळं औषध टाकलं की आठवडाभरात सावरते आणि महिना उलटायच्या आत पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आयुष्यात एकदाच झालं असेल तर एवढं वाचत बसायची गरज नाही. थोडं पाणी बदला, दोन दिवस खाणं कमी करा, बहुतेक वेळा निभावून जातं. माझ्याकडे मात्र जानेवारी ते जून एवढ्या काळात हे पाच वेळा झालं.

घर नेरुळला, तिसऱ्या मजल्यावर. टाकी तीन फुटी, ३६ बाय १२ बाय १५ इंच. गुणाकार केला तर १०६ लिटर येतात. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ९० लिटर धरा. आत दोन ओरांडा आणि दोन फॅनटेल. जाणकार म्हणतील की ९० लिटरमध्ये चार गोल्डफिश म्हणजे दाटीच झाली. मान्य आहे. पण हेच चार मासे त्याआधी दीड वर्ष त्याच टाकीत ठणठणीत होते, त्यामुळे दाटी हे एकमेव उत्तर मला पटेना.

लक्षणं दर वेळी त्याच क्रमाने यायची. आधी अंगावरची चकाकी जायची, मासा पुसलेल्या काचेसारखा न दिसता धुरकट दिसायचा. मग मासे पर मिटून कोपऱ्यात थांबायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीच्या कडेला पांढरी रेघ, आणि त्यानंतर फाटणं. एकदा एका ओरांडाच्या पाठीवर खरवडल्यासारखा डागही आला.

काय काय करून चुकलो

पहिल्यांदा दुकानदाराने दिलेलं मिथिलीन ब्लू टाकलं. शेपटी भरून आली, टाकीचे सांधे मात्र कायमचे निळे झाले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वाटलं की रोग टाकीतच दबा धरून बसलाय, म्हणून सगळं रिकामं केलं, खडी उकळली, फिल्टरचा स्पंज बाथरूममध्ये नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळला, काचा घासल्या, नवं कोरं पाणी भरलं. संध्याकाळी टाकी दुकानाच्या शोकेससारखी दिसत होती. पाच दिवसांनी चारही मासे आजारी. चौथ्यांदा कुणाच्या तरी सल्ल्याने माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकली. ही चूक मी लपवत नाही, पण तुम्ही ती करू नका. मात्रा अंदाजपंचे, रोगाचं निदान नाही, आणि फिल्टरमधल्या कामाच्या जिवाणूंवरही तिचा मारा होऊ शकतो. वर उरलेलं औषध गटारात जातं आणि तिथल्या जंतूंना सराव मिळतो तो वेगळाच.

एकूण काय, दर वेळी मी जंतूच्या मागे लागलो होतो. माशाकडे स्वतःचं काही असतं, हा विचारच मनात आला नव्हता.

कॅलेंडरवरचे गोल

माझा भाचा रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. मे महिन्यात सुट्टीत दोन दिवस आला होता. टाकीकडे बघून त्याने रोगाचं नाव विचारलं नाही, औषधाचंही नाही. म्हणाला, "मामा, तू टाकी साफ कधी करतोस? तारखा आहेत का?"

तारखा होत्या, पण माझ्याकडे नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायको दूध, इस्त्री, सिलिंडर सगळं लिहिते. त्यात "टाकी, बाथरूम घाण केलं" अशी तक्रारवजा नोंदही असते. मी औषध आणलं ते दिवस हिशोबाच्या वहीत होते. दोन्ही जुळवून भाच्याने लाल पेनाने गोल केले. तोवर झालेल्या चार आजारपणांपैकी तीन मोठ्या सफाईनंतर चौथ्या ते सहाव्या दिवशी सुरू झाली होती. उरलेल्या एकाच्या वेळी मी सफाई केली नव्हती, नुसतं निम्मं पाणी बदललं होतं. पण त्याच्या आदल्या दिवशी कॅलेंडरवर दुसरी नोंद होती: "सोसायटीची टाकी सफाई, पाणी दुपारी २ नंतर."

म्हणजे मी आजार आला म्हणून सफाई करत होतो आणि सफाईमुळे पुढचा आजार येत होता. हे ऐकून मी थोडा चिडलो. साफ पाण्याने मासा आजारी पडतो हे कुणाच्या गळी उतरेल?

त्या बुळबुळीत दडलंय काय

कोळणीकडून मासे घेणाऱ्या कुणालाही ही बुळबुळ ठाऊक असते. शिंगाळा किंवा वाम घरी आणली की ती हातातून निसटते. म्हणून आपण मीठ चोळतो, ती बुळबुळ काढतो आणि मगच तुकडे करतो. स्वयंपाकाच्या दृष्टीने तो नको असलेला चिकटा. जिवंत माशाला मात्र तो अंगरख्याहून जवळचा.

भाच्याने सांगितलेली गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. आपल्या कातडीच्या सगळ्यात वर मेलेल्या पेशींचं पांघरूण असतं. माशाच्या कातडीचा अगदी बाहेरचा थरसुद्धा जिवंत पेशींचा असतो आणि तो थेट पाण्याला भिडलेला असतो. खवले सगळ्यात वर असतात असं आपल्याला वाटतं, पण ते या पातळ त्वचेच्या खाली असतात. म्हणजे खवला निघाला याचा अर्थ वरची त्वचा आधीच फाटलेली. या जिवंत थरातल्या खास पेशी सतत बुळबुळ सोडतात. जुनी वाहून जाते, नवी येते, आणि तिला चिकटलेले जंतूही तिच्याबरोबर सरकून जातात. ही झाली नुसती यांत्रिक सोय. खरी गंमत तिच्यात विरघळलेल्या गोष्टींची आहे.

त्यातलं मुख्य नाव लायसोझाइम. शाळेत ज्यांना आपण विकरं म्हणायचो त्या जातीचं, म्हणजे एन्झाइम. जिवाणूच्या भोवती एक भिंत असते. दोन प्रकारचे साखरेचे मणी एकाआड एक ओवलेल्या माळा घ्या आणि त्या माळा आडव्या टाक्यांनी एकमेकींना शिवा, साधारण तशी. लायसोझाइम दोन मण्यांमधल्या दोऱ्याला कात्री लावतं. पुरेसे दोरे तुटले की भिंत ढिली पडते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. हेच विकर आपल्या अश्रूंत आहे, लाळेत आहे, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात तर भरपूर आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने ते १९२२ साली जगापुढे मांडलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. त्याला सर्दी झाली होती आणि स्वतःच्याच नाकातला शेंबूड त्याने जंतूंच्या बशीवर घालून पाहिला होता. ज्या पिवळ्या जिवाणूवर त्याला हा परिणाम दिसला, त्याचंच गढूळ पाणी करून माशांचं लायसोझाइम आजही प्रयोगशाळेत मोजतात. माशाच्या रक्तातला द्रव किंवा बुळबुळ त्यात घालायची आणि गढूळपणा किती वेगाने निवळतो ते पाहायचं. भाच्याने हा प्रयोग केलाय, आणि मोजायच्या आधी बुळबुळ गोळा करणं हेच सगळ्यात किचकट काम असतं असं त्याचं मत आहे.

माशात हे विकर बुळबुळीत असतं, कल्ल्यांत असतं, रक्तात असतं, आणि मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तर विशेष असतं. माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्त बनवणारी मज्जा नसते, ते काम हा भाग करतो. कित्येक जातींत मादी अंड्यातही लायसोझाइम घालून देते, म्हणजे पिल्लाला जन्माआधीच शिदोरी.

इथे एक शंका रास्त आहे. शेपटी झडवणारे जंतू, म्हणजे एरोमोनास वगैरे मंडळी, ग्रॅम-निगेटिव्ह गटातली. त्यांच्या भिंतीवर आणखी एक बाहेरचं आवरण असतं, कात्री आत पोचणार कशी? एक तर रक्तातल्या काही प्रथिनांची साखळी त्या आवरणाला भोकं पाडते आणि मग लायसोझाइमला वाट मिळते. दुसरं म्हणजे काही माशांचं लायसोझाइम कोंबडीच्या लायसोझाइमपेक्षा जास्त तिखट असतं, त्याचा या गटावरही थेट परिणाम दिसलेला आहे. शिवाय ते एकटं नसतं. बुळबुळीत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, अल्कलाइन फॉस्फेटेज असतं, जंतू मारणारी छोटी पेप्टाइडं असतात, थोडी प्रतिपिंडंही असतात. नव्या जंतूसाठी नेमकी प्रतिपिंडं तयार करायला माशाला आठवडे लागतात, पाणी थंड असेल तर आणखी जास्त. तोवर किल्ला लढवायचा तो याच फौजेने.

आता माझी रविवारची सफाई या नजरेने बघा. एरोमोनास गोड्या पाण्यात सगळीकडे असतो. खडी उकळून मी त्याला एक दिवस बाहेर काढत असेन, सोमवारी तो परत. म्हणजे शत्रू तिथेच, आणि मी दर महिन्याला तट पाडत होतो. जाळीने मासे पकडले, जाळीच्या दोऱ्याने बुळबुळ ओरबाडली. क्लोरीनच्या पाण्यात सोडले, त्याने कल्ले आणि उरलेली बुळबुळ भाजली. सफाईनंतर दुसऱ्या दिवशी पाण्यात पांढरे तलम पापुद्रे तरंगायचे. मी समजायचो, वा, अंगावरची घाण निघतेय. तो माशाने घाबरून सोडलेला जादा चिकटा होता.

आणि वर अमोनिया. तो पुढे सांगतो.

तपासायला कुठून सुरुवात करायची

माझा सल्ला, क्लोरीनपासून. ते तपासायला दोन मिनिटं लागतात आणि आपल्याकडे बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं. नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते शुद्ध करून क्लोरीन घालूनच येतं आणि तसंच यायला हवं, कारण ते आपण पितो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. माशाला मात्र ०.०२ सुद्धा सोसत नाही. म्हणजे आपल्याला कमीत कमी जेवढं हवं, ते माशासाठी दहापट जास्त.

गावाकडे आरोग्य सेवक विहिरीच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात ती पाहिली असेल. तीच बाटली मिळते. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. द्रव अंगाला लागू देऊ नका आणि ती तपासलेली नळी चुकूनही टाकीत ओतू नका. माझ्या नळाचं पाणी साध्या मंगळवारी फिकट पिवळं आलं. सोसायटीने टाकी धुऊन टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली त्या दिवशी ते जवळजवळ नारिंगी झालं. त्या उरलेल्या गोलाचं कोडं तिथेच सुटलं.

उपाय स्वस्त आहे. सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, १०० लिटरला १ ग्रॅम टाकला तर नेहमीच्या क्लोरीनला पुरून उरतो. सोसायटीच्या टाकी सफाईच्या दिवशी मी त्यावर विसंबत नाही, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पाणी बदलतच नाही. खडे नसतील तर पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा ओटी करा. माझ्याकडे पिवळा रंग पूर्ण गेला. तुमच्याकडे गेला नाही तर क्लोरामाइनची, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगाची शंका घ्या, ते असं उडून जात नाही. त्यासाठी दुकानातलं कंडिशनरच लागतं, आणि बाटलीवर क्लोरामाइनचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या.

याच बादलीत थर्मामीटरही बुडवा. मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी मी मोजलं तर ३७ अंश, घरातल्या टाकीत २९. आठ अंशांचा झटका! मासा पाण्याइतकाच गरम किंवा थंड असतो, त्याची सगळी विकरं त्या तापमानाच्या तालावर चालतात. तेव्हापासून पाणी सकाळीच भरतो.

फिल्टर, म्हणजे खरा गुन्हेगार

भाच्याच्या मते क्लोरीनने माझे मासे भाजले आणि अमोनियाने पाडले. चार ते सहा दिवसांचं अंतर का, याचं उत्तरही यातच आहे.

गोल्डफिश कल्ल्यांतून दिवसभर अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. तो स्पंज मी नळाखाली पांढरा केला, म्हणजे ही सगळी वसाहत उठवली. पहिला दिवस काही नाही, कारण पाणी नवं असतं. मग रोज थोडा थोडा अमोनिया साचत जातो. मुद्दाम एकदा मोजलं, जूनमधल्या पाचव्या आजारपणाच्या वेळी. रविवारी धुतलेला स्पंज, सोमवारी शून्य, बुधवारी लिटरमागे १ मिलिग्रॅम.

एक मिलिग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण अमोनियाचे पाण्यात दोन अवतार असतात. एक त्यातल्या त्यात निरुपद्रवी, दुसरा विषारी, आणि कोण किती हे पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) आणि तापमान ठरवतं. माझ्या टाकीत शोभेसाठी शिंपल्यांचा चुरा होता, त्याने पीएच ८ झाला होता. पीएच ८ आणि ३० अंशाला एकूण अमोनियातला साडेसात टक्के विषारी असतो. पीएच ७ असता तर एक टक्कासुद्धा नाही. म्हणजे माझ्याकडे विषारी भाग ०.०७५. मत्स्यपालनात ०.०२ ते ०.०२५ च्या वर तो टिकून राहू नये असं धरतात.

अमोनियाने कल्ले सुजतात हे एक. आणि असा ताण दिवसेंदिवस राहिला की माशाच्या शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचा हार्मोन, चढा राहतो, आणि तो ही सगळी संरक्षणाची फौज दाबून टाकतो. घटकाभराच्या ताणात, म्हणजे मासा नुसता पकडला तर, रक्तातलं लायसोझाइम काही वेळा वाढलेलंही दिसतं. त्यामुळे विकर जास्त म्हणजे मासा खूश, असं सरळ गणित नाही. लांबलेला ताण मात्र वाईटच.

स्पंज कसा धुवायचा ते एका वाक्यात: टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळायचा, तपकिरी राहिला तर राहू द्यायचा. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. काचा आणि खडी त्याच दिवशी घासायची नाही. शिंपल्यांचा चुरा मी काढून टाकला, बायकोने तो कुंडीत घातला. पाणी आठवड्याला पाव भाग बदलतो, त्याहून जास्त नाही.

किरकोळ पण नडणाऱ्या गोष्टी

जाळी शक्यतो वापरू नका. प्लॅस्टिकचा मोठा डबा पाण्यात आडवा धरून मासा त्यात हाकला, पाण्यासकट उचला. हात लावायचाच झाला तर ओला करून.

खाणं. बहुतेक माशांना आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि उघड्या पाकिटात ते झपाट्याने कमी होतं. स्वस्त पडतं म्हणून मी एक किलोची थैली आणून नऊ महिने पुरवली होती, त्यातही शेवटचा काळ फ्रिजवर, उकाड्यात. आता लहान पाकीट घेतो, घट्ट झाकणाच्या बरणीत. यीस्टमधलं बीटा-ग्लुकन घातलेलं खाद्य दिल्यावर माशांचं लायसोझाइम वाढल्याचं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, त्यामुळे तसं खाद्य हाताशी आलं तर घ्या. पाणी बिघडलेलं असताना त्याच्यावर पैसे घालवू नका.

बुळबुळ वाढवतो म्हणून विकला जाणारा कोरफडीचा द्रवही मिळतो. तो वापरून मला बरं-वाईट काहीच जाणवलं नाही. माशाच्या पेशींनी बनवलेलं विकर काही त्या बाटलीत नसतं, एवढं नक्की.

मिठाबद्दल सगळे विचारतात. दिवाळे गावात आमच्या नेहमीच्या मावशीकडे वाम घेत होतो, ती मीठ चोळून दाखवत होती की बुळबुळ कशी सुटते, आणि मला एकदम आठवलं की मार्चमध्ये मी टाकीत दोन मुठी खडे मीठ थेट माशांच्या डोक्यावर टाकलं होतं. लिटरमागे १ ते २ ग्रॅम मीठ, आधी विरघळवून, काही दिवसांपुरतं, याचा उपयोग आहे. विशेषतः नायट्राइट वाढलेलं असताना, कारण मिठातला क्लोराइड ते कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. माझ्यासारखं थेट अंगावर टाकलंत तर मावशी वामीचं करते तेच तुम्ही माशाचं करता, जिवंतपणी.

अजून एक कबुली. अंड्याच्या पांढऱ्यात लायसोझाइम असतं हे कळल्यावर एक रात्र मी गंभीरपणे विचार करत होतो की थोडं पांढरं टाकीत घालावं का. भाच्याला फोन केला. तो आधी बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मामा, घाल, पण मग सकाळी अमोनिया मोजायला मला बोलव." पांढरं म्हणजे प्रथिनं. ती पाण्यात सडणार आणि अमोनियाच होणार.

हे कुठे लागू पडत नाही

अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे बारीक सुटे दाणे दिसले तर तो परजीवी आहे, जिवाणू नाही. त्याचा उपचार वेगळा. खवले अननसासारखे उभे राहिले आणि पोट फुगलं तर प्रकरण आत मूत्रपिंडापर्यंत पोचलेलं असतं, नुसतं पाणी सुधारून भागेल असं मी म्हणणार नाही. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढरट-पिवळा कापसाचा पट्टा आला आणि तो तासातासाला वाढताना दिसला, तर कॉलम्नॅरिसची शंका घ्या. दिसतो बुरशीसारखा, पण जिवाणू असतो, आणि आपल्या उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो एक-दोन दिवसांत मासा नेतो. अशा वेळी कॅलेंडर बघत बसू नका, मासा वेगळा करा आणि जलचरांचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. औषधाला माझा विरोध नाही. जिथे आजार फिरून फिरून येतो तिथे नुसतं औषध पुरत नाही, एवढंच सांगतोय.

जूननंतर

पाचव्या वेळी औषध टाकलंच नाही. दोन आठवडे रोज फक्त दहा टक्के पाणी, क्लोरीन काढलेलं, सकाळचं. खाणं निम्मं. शेपट्या हळू भरल्या, औषधाने भरायच्या त्यापेक्षा चार-पाच दिवस जास्त लागले. पण जुलै गेला, ऑगस्ट गेला, काही नाही. मोठ्या ओरांडाच्या शेपटीत एक खाच राहिलीय ती बहुधा जाणार नाही.

मग गणपतीत पुन्हा पर मिटले. मी हादरलोच, कारण सफाई केली नव्हती, पाणी बदललं नव्हतं, सोसायटीची नोटीसही नव्हती. अमोनिया मोजला तर अर्धा मिलिग्रॅम. पाहुण्यांच्या पोरांनी टाकीत काही टाकलं असेल म्हणून तळ धुंडाळला, तर एक बुंदीचा दाणा सापडला. तेवढ्याने एवढं होत नाही. शेवटी टाकीच्या मागे वाकून पाहिलं. मखराच्या रोषणाईला बोर्डावर जागा नव्हती म्हणून कुणीतरी फिल्टरचा प्लग काढून तिथे दिव्यांची माळ लावली होती. आदल्या संध्याकाळपासून फिल्टर बंद. पाणी फिरणं थांबलं की स्पंजमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, काही तासांत ते गुदमरायला लागतात. स्पंज जुन्या पाण्यात पिळून फिल्टर पुन्हा चालू केला, चार दिवस पाव-पाव पाणी बदललं, खाणं बंद ठेवलं. शेपटी फाटेपर्यंत गोष्ट गेली नाही. प्लगवर आता चिकटपट्टी आहे, वर मार्करने लिहिलंय "हात लावू नये". कुणी लावला हे घरात अजून कुणी कबूल केलेलं नाही.

लिफ्टजवळ काल पुन्हा नोटीस लागलीय, गुरुवारी टाकी सफाई. म्हणून आजच पाण्याच्या तीन बादल्या भरून एअर स्टोन लावून ठेवल्यात. बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि कॅलेंडरवर बुधवारच्या चौकटीत बायकोने काहीतरी लिहून दोनदा अधोरेखित केलंय.